तार काढलेला भोंगा

माझा असल्या गोष्टींवर आजही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. सगळा जन्म विजेच्या कामात गेला. तार जोडली की करंट, काढली की बंद — माझं शास्त्र एवढंच. पण हा प्रसंग घशात अडकून बसलाय... गिळताही येत नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी टाउनशिपच्या कामावर इलेक्ट्रिशियन, क्वार्टर सेक्टर २ मध्ये. त्या उन्हाळ्यात भंडाऱ्याकडच्या गावाहून माय आणि बाबा पहिल्यांदाच राहायला आले. इथली घरं सगळी एका छापाची — तोच रंग, तेच दार, खुणेला झाडसुद्धा नाही. घरात संडास होता, पण बाबांना तो कसला पटतोय! लोटा घेऊन सकाळी रानाकडे गेले... ते दुपार झाली तरी परतले नाहीत.

मे महिना, वर लू — भाजून काढणारा गरम वारा. आदल्याच आठवड्यात साइटवरचा एक मजूर उन्हानं गेला होता. तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. साहेबांच्या हातापाया पडून दवंडीची जीप मिळवली. टपावर भोंगा, मागे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. हा ॲम्प्लिफायर भारी खादाड! जीपच्या डायनमोला तेवढा करंट पुरवणं जमत नसे, म्हणून त्याच्यासाठी मागे वेगळी बॅटरी असायची. ती नेमकी चार्जिंगला गेलेली. मी घाईत गाडीच्याच बॅटरीला जोडून मोकळा झालो.

"बाबा, कुठी असान तिथून आवाज द्या!" मी ओरडत होतो. माय मागच्या बाकावर, पदर तोंडात धरून. रुआबांधा गावाच्या रस्त्याला लागेपर्यंत भोंग्यातून नुसती खरखर येऊ लागली. मग इंजिनही गचके खात बंद पडलं.

"बैटरी बइठ गे, भैया," ड्रायव्हर मंगलू म्हणाला.

आता निदान गाडी तरी चालू व्हावी म्हणून मी ॲम्प्लिफायरची तार उपसून काढली. धक्के मारले. काही उपयोग नाही. माझा धीरच सुटला. रस्त्यातच बसून लहान पोरासारखा रडलो.

"मले दे थो माइक," माय म्हणाली. "आज नाव घेऊन बलावतो त्याइले. काय व्हाचं थे होवो."

मायनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नापासून हाक एकच — "आयकता का जी?" आणि आज ती नाव घेणार होती... कशात, तर तार काढलेल्या माइकमध्ये. तिला हे सांगायला माझी जीभ रेटेना. तिनं माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं माइक मांडीवर ठेवला. भोंगा गप्पच होता.

अर्ध्या-पाऊण तासानं मंगलू ओरडला. पळसाच्या झुडपांतून डोक्यावर दुपट्टा टाकलेला एक माणूस झोकांड्या खात येत होता. बाबा! मी धावत जाऊन त्यांना धरलं. पाणी पाजलं. श्वास ताळ्यावर येताच ते मायवर उखडले.

"कावून वं, येवढ्या भोंग्यात नाव घेऊन बोंबलाले लाज नाही वाटली? पुरं गाव आयकून रायलं असन!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पार पलीकडच्या नाल्यात पडलो होतो रे. आता मेलो म्हटलं. तं तुह्या मायचा आवाज आला... 'किसन, किसन'. त्याच्याच मागं चालत आलो."

मी मंगलूकडे पाहिलं. त्यानं मान हलवली — त्यानंही काही ऐकलं नव्हतं. आणि त्या नाल्यापर्यंत तर नव्या बॅटरीवरही आवाज गेला नसता.

माय पांढरीफटक पडली होती. "मी नाव घेतलंच नाही, बापू," ती मला हळूच म्हणाली. "तोंडाशी आलं... पन जीभच उचलली नाही. मनातच घेतलं."

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त आनंद झाला होता.

पुढे कित्येक वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी माय उशाशी बसली होती, अगदी गप्प. बाबांचे डोळे मिटलेले. अचानक ते स्पष्ट म्हणाले, "ओ... आयकलं वं."

खोलीत कोणीच हाक मारली नव्हती. मी मायकडे पाहिलं, तर ती पदरात तोंड लपवून रडत होती. ती तार मी माझ्या हातानं काढली होती, एवढं मला पक्कं माहीत आहे. बाकीचं मला अजूनही कळलेलं नाही.