चारठाण्याचा चढ आणि गौसचं टायमिंग

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी निजामाच्या फौजेत लान्स नाईक, ड्रायव्हर. पोस्टिंग परभणी, मोटार सेक्शन. सेक्शन म्हणजे दोन म्हाताऱ्या मोटारी, मी आणि लान्स नाईक गौस खान.

गौस चालू इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक दातात धरायचा आणि कुठला प्लग आजारी आहे ते सांगायचा. मीही धरून पाहिला. दात दुखले, बाकी काही कळलं नाही. ऑफिसर त्याला ‘उस्ताद’ म्हणत. मला ‘ए’.

कंपनी परदेशी निघाली. ड्रायव्हरची जागा एकच. कॅप्टन साहेबांचा हुकूम आला : शनिवारी सकाळी सहाला परभणीहून सुटायचं, चारठाण्याचा चढ जो आधी चढेल तो जाईल.

मला जायचं होतं. पण खरं सांगतो मंडळी, गौसनं जाऊ नये हे जास्त वाटत होतं. त्यात आठवडाभर त्याचं इंजिन खटखट करत होतं आणि कारण त्याला सापडत नव्हतं. मी खुशीत!

“उस्ताद, तुजी बाई लय खोकायलीय की!”

“तेरी भी खोकेगी, किशनराव. सबर कर.”

शुक्रवारी दुपारी एकला तो नमाजाला गेला. मी त्याचं बॉनेट उघडलं, प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, नखभर मागं फिरवला, आवळला. ठिणगी उशिरा पडली की मोटार चढावर दमते, एवढी विद्या मला होती.

शनिवारी चढापर्यंत मी पुढे होतो. चढ लागला आणि माझंच इंजिन खटखटू लागलं. मागून गौस आला. त्याची मोटार मांजरासारखी गुरगुरत होती.

“चाय पीके आ रहे क्या, किशनराव?”

आणि गेला.

वर पोचलो तर तो बॉनेटमध्ये वाकलेला.

“रेशन का पेट्रोल हलका रे, उसी से खटखट. ठिनगी का टायमिंग पीछे चाहिए था, मेरे दिमाग में नहीं आया. किसी ने कर दिया.”

“कुनी?”

त्यानं माझ्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. साहेबांना काही सांगितलं नाही. मंगळवारी तो कंपनीबरोबर गेला.

पावसाळ्यात कंपनीकडून सिग्नल आला, म्हणजे फौजेची तार. गाडीवर गोळा पडला होता. सकाळी सातच्या परेडला नाव वाचलं गेलं : लान्स नाईक गौस खान, राहणार पूर्णा.

सुट्टी घेऊन मी पूर्णेला गेलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्याच्या अम्मीनं चहा दिला.

“मेरा बच्चा गाडी अच्छी चलाता था क्या, बाबा?”

“माझ्यापेक्षा चांगली, अम्मी.”

अख्ख्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. बाकीचं सांगता आलं नाही.