शेजारणीच्या कोंबड्या

बाळांनो, तुमच्या नव्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जात नाहीत, असं काल फोनवर म्हणालात आणि मला सक्करदऱ्याचं आमचं अंगण आठवलं.

माझी पहिली तांबडी कोंबडी आणली त्याच संध्याकाळी शेजारच्या यमुनाबाईंच्या खुराड्यात जाऊन बसली. मागायला गेले, तर त्या हसल्या. "जिथं झोपली, तिथली झाली वं. तुह्या इंग्रजी शाळेत हे नाही शिकवलं काय?" रविवारी तिच्या रश्श्याचा वास कुंपणावरून आला.

मी वाट पाहिली. उन्हाळ्यात त्यांनी दोन पांढऱ्या कोंबड्या आणून मोकळ्या सोडल्या. दिवेलागणीला त्या कुंपणाशी घुटमळू लागल्या. ज्वारी टाकत मी त्यांना आमच्याकडे आणलं, एकेकीला पंखांवरून धरून दांडीवर बसवलं, दारावर पोतं सोडलं. त्यांची ऊब बराच वेळ तळहातांवर राहिली. इतक्या मायेनं मी कुणाला निजवलं नसेल.

सकाळी यमुनाबाई तणतणत आल्या. "माह्या कोंबड्या तुह्या खुराड्यात काय करून राहिल्या?"

"झोपल्या होत्या," मी म्हटलं. "आता इथल्या झाल्या."

तुम्हीही अंधार पडताना तुमच्या कोंबड्यांना हातांनी उचलून आत बसवा. यमुनाबाई आता नाहीत, ते खुराडंही नाही. त्या सकाळचा माझा आनंद मात्र जसाच्या तसा आहे.