मालनबाईंचा धीर

कळव्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत धीरावर प्रवचन झालं की मालनबाई आढावांचं उदाहरण यायचंच. पाळक बदलले, उपासनेची जागा शाळेच्या हॉलमधून नव्या इमारतीत गेली, पण उदाहरण तेच राहिलं. मालनबाई तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या असायच्या. पदर सारखा करायच्या. ते ऐकायला त्यांना आवडायचं, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

त्या मूळच्या राहुरीकडच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नर्सिंगचा कोर्स करून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात लागल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहिल्या. वॉर्डात त्यांना सगळे आढाव सिस्टर म्हणत. महिनोन्‌महिने पडून असलेल्या पेशंटच्याही पाठीला त्यांच्या ड्युटीत कधी जखम व्हायची नाही. वेळच्या वेळी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, अंग कोरडं ठेवायचं. नव्या मुलींना त्या एवढंच शिकवायच्या आणि ते झालं नाही तर फार बोलायच्या.

नवरा आनंद, खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. माणूस देखणा नव्हता, पण आवाज असा की तो गायला लागला की बाकीचे आपोआप हळू गायचे. लग्नानंतर रुचिता झाली. घर खारेगावच्या बाजूला, दोन खोल्यांचं. सगळं नीट चाललेलं.

मग आनंदची बदली कल्याण डेपोत झाली. दुपारचं जेवण तो डोंबिवलीच्या एका विधवा बाईकडून मागवायचा. तिचं नाव रसिका. ती पोळीभाजी विकून मुलाला वाढवत होती. आधी डबा यायचा, मग हाच जेवायला जाऊ लागला. रुचिता नववीत असताना एका रविवारी उपासनेहून घरी आल्यावर त्यानं बूटही न काढता मालनबाईंना सांगितलं, "मी तिकडे राहायला जातोय. तुझ्यात काही खोट नाही." भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्या म्हणायच्या. खोट नाही, तरी जातोय, याचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही.

वर्षभरानं तो घटस्फोट मागायला आला. मालनबाईंनी चहा दिला आणि सांगितलं, "तुम्ही परत याल. मी थांबते." तो निघून गेला. ही गोष्ट त्यांनी त्या वेळच्या पाळकांना सांगितली. पुढच्याच रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं की देवसुद्धा असाच थांबतो, माणूस कितीही लांब गेला तरी तो दार लावून घेत नाही, आणि आपल्यातल्या एका भगिनीनं ते करून दाखवलंय. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

तेव्हापासून ते त्यांचं कामच होऊन बसलं. भगिनी मंडळातल्या कुणाचा नवरा दारू प्यायला लागला, कुणाचा हात उचलू लागला, की तिला मालनबाईंकडे पाठवायचं. त्या तिला जवळ बसवायच्या आणि म्हणायच्या, "देव माझ्यासाठी थांबलाय, मग मी एका माणसासाठी थांबू शकत नाही का?" दारावरची पाटी आनंद आढाव याच नावाची होती. नाताळात करंज्यांचा एक डबा त्याच्यासाठी बाजूला काढला जायचा. नव्या वर्षात तो वॉर्डातल्या मुलींना वाटला जायचा. रुचिताला हे सगळं असह्य व्हायचं. ती शिकली, लग्न होऊन घोडबंदर रोडला गेली, तिला सान्वी झाली. लग्नात आईनं पत्रिकेवर वडिलांचं नाव छापायला लावलं. तो आला नाही.

कोरोनानंतरच्या वर्षी एका सकाळी फोन आला. बाई म्हणाली, "ताई, मी डोंबिवलीहून रसिका बोलतेय. त्यांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माझे गुडघे कामातून गेलेत, मला ते उचलत नाहीत. मुलाकडे एकच खोली आहे, सून नको म्हणते. तुम्ही सिस्टर आहात." आणि शेवटी, "आणि ते तुमचेच आहेत."

मालनबाई मला म्हणाल्या, की त्या शेवटच्या वाक्यासाठीच मी इतकी वर्षं जगत होते असं मला वाटलं. ती रडत होती, पण ते मला ऐकूच आलं नाही.

ॲम्ब्युलन्समधून आनंदला आणलं तेव्हा मंडळीतले लोक जिन्यात उभे होते. तरुणांनी त्याला उचलून वर नेलं. त्या रविवारी घरीच उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. आमचे आताचे पाळक प्रशांत वयानं लहान आहेत, त्यांना ही जुनी कहाणी ऐकूनच माहीत होती. धीराचं फळ म्हणतात ते हे, असं ते म्हणाले. आम्ही गायलो. आनंद पंख्याकडे बघत पडला होता. डावा हात चादरीवर सारखा काहीतरी चाचपत होता.

मालनबाईंनी त्याचं सगळं हातात घेतलं. अंघोळ, औषधं, व्यायाम, कूस बदलणं. त्याला वाचा अशी नव्हतीच, एक शब्द तेवढा यायचा. "रस." कधी "रसू" असंही वाटायचं. मालनबाईंना बरं वाटलं, की काहीतरी मागतोय. त्या मोसंबी आणायच्या, रस काढून गाळून चमच्यानं पाजायच्या. तो तोंड फिरवायचा, रस गळ्यावरून उशीवर जायचा. त्या पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोसंबी आणायच्या. साखर घालून पाहिली, मीठ घालून पाहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "यांना रस लागतो दोन्ही वेळा."

वडिलांना बघायला रुचिता बऱ्याच दिवसांनी आली. सान्वीला घेऊन खुर्चीवर बसली, त्याच्याजवळ गेली नाही. तो दाराकडे बघून "रस, रस" करायला लागला. मालनबाई स्वयंपाकघरात वळल्या, तशी रुचिता म्हणाली, "मम्मी, ज्यूस नकोय त्यांना. ते तिला बोलावतायत."

मालनबाईंच्या हातात चिरलेलं मोसंबं होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि सान्वीला खायला काय देऊ विचारलं. रुचिताला वाटलं, आईनं ऐकलं नाही.

त्यानंतर काय झालं ते बाहेरच्या कुणाला दिसलं नाही. घर तसंच स्वच्छ, औषधं वेळेवर. फक्त मालनबाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. अंग पुसताना हात जोरात चालायचा. तो शब्द त्याच्या तोंडून निघाला की त्या खोलीतून निघून जायच्या. एका दुपारी त्याची चादर ओली झाली. त्यांना दिसलं. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. तो डाव्या हातानं चादर ओढत होता. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं तरी त्या उठल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, आता तरी हा माझ्याकडे बघेल, डोळ्यांनी तरी म्हणेल की चुकलं. तो बघायचा, पण त्या नजरेत काही नव्हतं. दवाखान्यातल्या अनोळखी सिस्टरकडे पेशंट बघतो तसं.

अशा दुपारी आणखीही झाल्या. पावसाळा संपता संपता त्याच्या माकडहाडावर कातडी लाल झाली, मग फाटली, मग जखम आत शिरली. ज्या बाईनं हजारो परक्या माणसांच्या पाठी सांभाळल्या, तिच्या घरात, तिच्याच नवऱ्याच्या पाठीला खड्डा पडला. मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी, घरी हे व्हायचंच, तुम्ही एकट्या किती करणार, असं म्हणून त्यांची समजूत घातली. मालनबाईंनी मान हलवली. जखम कशी होते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच आठवड्यात प्रशांत पाळक आले. भगिनी रविवार जवळ आला होता आणि मालनबाईंनी उभं राहून आपल्या धीराची साक्ष द्यावी, अशी मंडळीची इच्छा होती. मी तेव्हा तिथं होते. मालनबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "पाळकसाहेब, देव माणसासाठी थांबतो म्हणजे कशाची वाट बघतो?"

"माणसानं परत फिरावं याची."

"आणि माणूस फिरणारच नसेल तर?"

"तरी थांबतो."

"मग ते मला कधी आलंच नाही," मालनबाई म्हणाल्या. "मी वसुलीसाठी थांबले होते. लोकांना वाटलं मी सोसतेय. मी सोसलं नाही, साठवून ठेवलं. ते आता त्यांच्या पाठीत निघालंय. जाऊन बघा."

पाळकांना ते नीट कळलं नाही. त्यांनी प्रार्थना केली. साक्षीचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंनी रसिकाला फोन लावला. एवढंच म्हणाल्या, "ते तुम्हाला बोलावतायत. येऊन जा."

रसिका आली ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून. पांढऱ्या केसांची, जाडसर, साधी बाई. मालनबाईंनी मनात तिचं जे रूप धरून ठेवलं होतं त्यातलं हिच्यात काहीच नव्हतं. "ताई, येऊ का?" म्हणत ती दारातच अवघडून उभी राहिली. आतून तिचा आवाज ऐकून आनंदनं तो शब्द उच्चारला आणि तो रडायला लागला. अर्धा चेहरा रडत होता, अर्धा तसाच होता. रसिकानं त्याचा डावा हात हातात घेतला. मालनबाईंनी तिला खुर्ची दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आत रसिका त्याला मुलाच्या नोकरीचं, शेजाऱ्यांचं, भाजीच्या भावाचं काहीबाही सांगत होती. मध्येच तो हसल्यासारखा आवाज आला. या घरात तो आल्यापासून तसा आवाज निघाला नव्हता. मालनबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी भात मऊ शिजवला, वरण घातलं आणि ताटली रसिकाच्या हातात दिली. तिच्या हातून तो सगळा जेवला.

जाताना रसिकानं चादर उचलून पाठ पाहिली. मालनबाईच म्हणाल्या, "माझ्यामुळे झालंय ते." रसिका म्हणाली, "ताई, मला तर उचलताच येत नव्हतं. माझ्याकडे याहून वाईट झालं असतं." यात दोष नव्हता, टोमणाही नव्हता. मालनबाईंना त्याचाच जास्त त्रास झाला.

मग ती आठवड्यातून एकदोनदा येऊ लागली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. हे काय उदाहरण, असं भगिनी मंडळात कुणीतरी म्हणालं, आणि मालनबाईंकडे बायका पाठवणं आपसूक बंद झालं. रुचिताही चिडली. आईनं आधी बापाला घरात घेतलं, आता त्या बाईला. तिनं येणं कमी केलं, सान्वीला आणणं थांबवलं. मालनबाईंनी कुणाला काही समजावलं नाही. त्यांनी पुन्हा वॉर्डातल्यासारखं काम सुरू केलं, वेळच्या वेळी कूस, कोरडी चादर, पण जखम भरली नाही. ती पुढेच जात राहिली, तापावर ताप आले, आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात, उन्हाळा लागायच्या सुमारास, आनंद गेला. त्या वेळी रसिका जवळ नव्हती. मालनबाई होत्या. त्यानं शेवटी त्यांच्याकडे पाहिलं का, असं मी विचारलं. नाही, म्हणाल्या.

ठाण्याच्या दफनभूमीत रसिका फाटकापाशीच उभी राहिली. आपण या लोकांत शिरायला नको असं तिला वाटलं असेल. सगळ्यांनी माती दिल्यावर मालनबाई तिला हात धरून घेऊन आल्या. माती टाकून ती परत निघाली तेव्हा कुणी तिच्याशी बोललं नाही. नंतर ती मुलाबरोबर बदलापूरला गेली असं कळलं. दोघींचा पुढे संबंध राहिला नाही. मैत्री झाली असती असं मला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

मी मालनबाईंकडे जाते अधूनमधून. एकदा म्हटलं, तुम्ही शेवटी तिला बोलावलंत, हा धीरच की. त्यांनी मान हलवली.

"तो धीर नव्हता गं. हरल्यावर माणूस दार उघडतो, तसं उघडलं मी." मग म्हणाल्या, "देव अजून थांबलाय का माझ्यासाठी, ठाऊक नाही. थांबला असेल तर थांबू दे. माझ्याच्यानं आता उठून त्याच्याकडे जाणं व्हायचं नाही."

यंदा नाताळात त्या उपासनेला आल्या नाहीत. प्रशांत पाळक घरी जाऊन आले. दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसल्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा मालनबाईंनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. प्रार्थना संपेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि संपल्यावर आमेन म्हणायचं राहून गेलं.