उसनी आत्या

आमच्या चाळीत गोजरबाई सगळ्यांची आत्या, पण नात्यानं कुणाचीच नव्हती. सोलापूरच्या गिरण्यांत आलेल्यांच्या बहिणी मोहोळ-टेंभुर्णीकडं गावात राहिलेल्या. बाराव्या दिवशी बारशाला त्या येणार कुठून? मग पाळण्याशी गोजरबाईला उभं करायचे. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती 'कुर्रर्र' करायची, नाव सांगायची, आणि तेवढ्यात बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालायच्या. त्या गलक्यात ती काय बोलली ते एकट्या बाळालाच ऐकू जायचं.

तिची एकुलती एक लेक बजा, चार वर्षांची, इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. त्याच आठवड्यात चाळीतल्या आणखी दोन बजा गेल्या. तोवर दर दोन दारांआड एक बजा होती. नंतर ते नाव कुणी ठेवलं नाही. माणसं मोठी शहाणी, नावच वाईट असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढं नाटक कंपन्या येऊ लागल्या आणि पोरींची नावं हँडबिलांवरून पडू लागली: शालिनी, नलिनी, कुसुम. गोजरबाई तशीच कानाशी वाकायची.

मी शालिनी, सव्वीस सालची. आम्ही पोरी पहिल्या हाकेला कधीच वळायचो नाही. नव्या नावांच्या पोरी, नखरेच फार, असं आया म्हणायच्या.

चौतीस साली गोजरबाईनं अंथरूण धरलं. एकदा भरदुपारी आम्ही सातजणी तिच्या दारात सागरगोटे खेळत होतो. आतून तिची हाक आली, "बजे, पानी दे गं."

सातहीजणी एकदम उठलो. बजा कोण, हे आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

माझी आई समोरच धान्य निवडत होती. ती सूप टाकून आत गेली आणि तिनं गोजरबाईला जाब विचारला.

"तुमी पाठ बडवत व्हता की," गोजरबाई म्हणाली. "आदी तिचं नाव सांगायची, मग तुमचं. लेक गेली ती गेली. नाव तरी ऱ्हाऊ दे म्हनलं."

मेलेल्या पोरीचं नाव माझ्या पोरीच्या कानात, म्हणून आईनं तिला नाही नाही ते बोलून घेतलं. आठवड्यात गोजरबाई गेली. आईनं मोहोळहून माझी सख्खी आत्या बोलावली आणि आठ वर्षांच्या घोडीचं दुसऱ्यांदा बारसं केलं. मला लाज वाटली आणि गोजरबाईसाठी रडूही आलं.

महिन्याभरानं बाजारातून येताना मी आईच्या पुढं पळत रस्ता ओलांडत होते. मागून "बजे!" अशी हाक आली आणि माझे पाय जागीच थांबले. उधळलेला टांगा नाकासमोरून गेला. चाकाचा वारा गालाला लागला. आईनं धावत येऊन मला पोटाशी धरलं. बरं झालं त्याच नावानं हाक मारलीस, असं मी तिला म्हटलं.

"मी शालिनीच म्हनत व्हते," आई म्हणाली. "तीनदा."

आम्ही दोघींनी मागं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं बारसं झालं. आईनं आत्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग बायकांकडं वळून म्हणाली, "पाठीत जरा जोरात घाला."