नायकाच्या आईचं मरण

लिंबायतच्या घरी आई साड्यांवर खडे चिकटवायची, तेव्हा मी मोबाइलवर इंग्रजीतून एक मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत तिला मराठीत सांगायचो. त्यात शेवटी नायकाची आई मरते. त्याच कथेवरच्या ॲनिमेचा, म्हणजे कार्टून मालिकेचा, शेवटचा भाग आम्ही दोघांनी टीव्हीवर पाहिला, तर ती बाई चांगली धडधाकट! माझं डोकंच फिरलं. प्रेक्षकांना खूश करायलाच शेवट बदलला असणार. आणि मोबाइलवर चाहत्यांच्या ग्रुपवर या शेवटाची वाहवा करणाऱ्यांपैकी एकानंही मंगा वाचलेली नसणार, असा मला दाट संशय. मी तावातावानं त्यांना सुनवायला बसलो.

मग लक्षात आलं, आईच्या बोटांवरचा खडा तसाच होता. ती माझ्याकडेच रोखून बघत होती.

"मग तू तिले काबरं मारलं?"