मेजरांचा खांदा

आमच्या सरावलीचे मेजर कुणाच्याही तिरडीला खांदा देत नसत. अंत्ययात्रेत ते सर्वांत पुढे चालत, वाटेवरच्या काटक्या पायाने बाजूला सारत, सरणाची लाकडंही रचत. पण खांदा नाही. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. बढती गावाने दिली. युद्धातलं शौर्यपदक घरात कुठे ठेवलंय, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

शाळेत झेंडावंदनाला पोरं विचारत, "किती शत्रू मारले?" मेजर म्हणत, "मी फक्त ओझं वाहिलं." एरवी ते आपल्या चिकूच्या वाडीत असत. झाडावर चढलेल्या मजुराला खालून कवायतीच्या आवाजात हुकूम सोडत आणि तो मजूरही हसत असे.

माझे वडील गेले तेव्हाही त्यांनी खांदा दिला नाही. दोघे जिवलग मित्र. "पदकाचा माज," काका सर्वांदेखत म्हणाले. मीही पेटलो होतो. तेराव्याला मेजर ओटीवर येऊन बसले आणि भिंतीकडे बघत बोलू लागले.

"माझ्या पलटणीत तलासरीच्या पाड्यावरचा रघ्या होता. त्याला गोळी लागली, तसा पाठीवर घेतला. बर्फातून उतरताना त्याच्याशी बोलत होतो. तो हं म्हणत होता. मग म्हणेनासा झाला. मी बोलतच राहिलो. खाली डॉक्टर म्हणाला, हा केव्हाच गेलाय. त्यासाठीच पदक दिलं. त्याची आई विचारते, कुठं गेला माझा पोर? कुठल्या वळणावर गेला, काय सांगू तिला?"

माझा राग तिथेच विरला. खांद्यावर मेलेलं माणूस त्यांना पुन्हा नको होतं.

पुढे रघ्याची आई वारली. मी मेजरांना मोटरसायकलवर तलासरीला नेलं. पाड्यावरची शेजारीण त्यांना म्हणाली, "म्हातारी सांगून गेली, पोर मेजरचे पाठीवर गेला, तं घरातलेच माणसाजवल गेला. मलापन त्यानंच नेवाची."

मेजरांनी पुढचा खांदा धरला आणि शेवटपर्यंत कुणाला बदलू दिला नाही. वाटभर तिच्याशी बोलत होते, भाताचं, पावसाचं, रघ्याचं. तिरडी खाली ठेवल्यावर तिच्या तोंडाशी कान नेऊन थोडा वेळ थांबले. मला ते बघवलं नाही.

गेल्या महिन्यात मेजर गेले. खांदा द्यायला सगळं गाव आलं, काकाही आले. पुढची बाजू मी घेतली. त्यांच्या वाडीवरून जाताना म्हटलं, "मेजर, यंदा चिकू बरा धरलाय." लोक माझ्याकडे बघू लागले. मी बोलतच राहिलो.