धर्मापुरीचा धुतलेला खल

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींचा मला मनस्वी तिटकारा आहे. या ग्रुपवर दर आठवड्याला कोणाला तरी पिंपळाखाली पांढरी साडी दिसते... हसू येतं. माझं काम जुन्या वस्तूंच्या जतनाचं. डाग कशाचा, गंज कुठून आला, याला कारण असतंच आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे एखादा मूर्ख माणूस असतो.

परळी तालुक्यात धर्मापुरीला एका पुढाऱ्याने संग्रहालय काढलं. त्याला सगळे अण्णा म्हणतात. कमान झाली, पुतळा झाला, मग हे! तिथे एका दिवंगत वैद्यांचा दवाखाना मांडायचा होता – बरण्या, तराजू, पितळी वजनं आणि औषध घोटायचा काळ्या दगडाचा खल. वैद्यांची म्हातारी मुलगी, कमलबाई, हिने सगळं फुकट दिलं. अट एकच – खल धुवायचा नाही.

"बाबाचं चूर्ण दगडात मुरलंय ताई," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. "वास घेतला की बाबा म्होरं बसल्यावानी वाटतंय. दुसरं काय ऱ्हायलंय माज्यापाशी?"

मांडणीसाठी मला बोलावलं होतं; मी पोचले तेव्हा सगळं लखलखत होतं. पितळ परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेने आणि चिंचेने घासलेलं. आणि खल? काळा दगड दिसला की इकडच्या माणसाला राहवत नाही. त्याला दुधाने आंघोळ घालून वर खोबरेल तेल चोपडलं होतं!

"लई घाण हुती म्याडम," अण्णा म्हणाले. "आता बगा, देवावानी दिसतोय."

"ती घाण नव्हती, औषध होतं."

"आवो, घाण बगायला कोण येतंय?"

अक्कल विकत मिळत नाही, नाहीतर अण्णांनी तिचंही टेंडर काढलं असतं.

तेल शोषून काढायला मी स्पिरिटमध्ये कालवलेल्या मातीचे लेप लावले. दगड कोरडाठाक झाला. भिंगातून पाहिलं, कणभरही चूर्ण उरलं नव्हतं. खल काचपेटीत ठेवला, कडा सील केल्या, कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

उद्घाटनाला अण्णांनी स्वतःला 'आरोग्यदूत' म्हणवून घेतलं. कमलबाईंना मागच्या रांगेतही खुर्ची नव्हती. मीच त्यांना हात धरून पेटीपाशी नेलं. आता वास येणार नाही, हे त्यांना कसं सांगावं तेच सुचेना.

त्यांनी काचेवर तळहात ठेवला... आणि मी आत पाहिलं. खलात चूर्ण होतं. ताजं, तपकिरी, वस्त्रगाळ.

"कोणी उगडलं बे हे?" अण्णा कार्यकर्त्यांवर ओरडले. "पुसा आदी!"

सील जसंच्या तसं होतं. मी ते कापलं, कुलूप काढलं, तसा हिरड्याचा आणि ज्येष्ठमधाचा वास खोलीभर पसरला. फडकं घेऊन आलेल्याला मी हाकलून दिलं. कमलबाईंनी चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"सैंधव जास्त पडलंय," त्या म्हणाल्या. "बाबाचं कायम पडायचं. आई लई बोलायची त्येंला."

अण्णांच्या माणसांनी टाकलं, असं कोणी सुचवू नये. त्यांना हिरडा आणि खडू यातला फरक कळत नाही. पण दुसरं कारणही माझ्यापाशी नाही... आजही नाही. तपासायला नमुना ठेवायला हवा होता, हे मला कळतं. मी मात्र ते सगळं कमलबाईंच्या पदरात बांधून दिलं.

खल पुसला नाही.